सातासमुद्रापलीकडली घरमोजणी

लोकसेवा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो चालता माणूस. पटकीच्या साथीत विहिरींत औषध टाकीत गावोगाव फिरणारा, देवीच्या लशीची पेटी घेऊन डोंगर चढणारा, पायांत वहाणा आणि खांद्याला झोळी असलेला. एखादा गृहस्थ पुण्याच्या किंवा ठाण्याच्या आपल्या खोलीत पंख्याखाली बसून, शेजारी चहाचा कप ठेवून, आफ्रिकेतल्या हिवतापाच्या मोहिमेत काम करीत आहे असे सांगितले, तर ऐकणारा आधी हसेल आणि मग विचारील, "म्हणजे, पैसे पाठवतो का?"

पैसे नाही पाठवत. तो घरे मोजतो.

घरे मोजल्याने हिवताप कसा हटायचा, हे कळण्यासाठी आधी आपल्याच घरची भिंत आठवावी लागेल. सत्तरी ओलांडलेल्या वाचकांना ते फवारणीवाले आठवत असतील. हातांत पंप आणि बादली घेऊन ते गावात शिरत, घरातली भांडीकुंडी अंगणात काढायला लावीत, आणि आतल्या भिंतींवर डी.डी.टी. मारून जात. त्या उग्र वासाने म्हाताऱ्या माणसांची कुरकुर चाले आणि पोरांची चंगळ होई, कारण त्या दिवशी सारे घरच अंगणात आलेले असे. आपल्याकडे 1953 साली हिवताप नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि 1958 साली त्याचे निर्मूलन मोहिमेत रूपांतर झाले. या औषधामागचा हिशेब मोठा साधा आहे. अनोफेलीस डासाची मादी माणसाला चावली की रक्ताने जड होते आणि जवळच्याच भिंतीवर विसावते. भिंतीवर औषध असले की तिथेच तिचा कारभार आटोपतो, आणि तिच्या पोटातला हिवताप पुढच्या माणसापर्यंत पोहोचत नाही.

म्हणजे औषध मारलेली भिंत एकट्या घरमालकाला वाचवीत नाही, ती शेजाऱ्यालाही वाचवते. पण याचीच उलटी बाजू अशी की, न मारलेली भिंत शेजाऱ्यालाही बुडवते. गावातली बहुतेक सारी घरे झाली तरच उपयोग. सर्वसाधारणपणे शंभरातली ऐंशी-पंचाऐंशी तरी घरे व्हायला हवीत, असा या शास्त्राचा आग्रह आहे. आपल्या मोहिमेला आरंभी केवढे यश आले! 1953 च्या सुमारास देशात वर्षाला साडेसात कोटी माणसांना हिवताप होई, असा अंदाज आहे. 1965 पर्यंत तो आकडा लाखाच्या आसपास उतरला. आणि 1976 साली पुन्हा 64 लाखांवर चढला. कारणे पुष्कळ होती. डास औषधाला सरावले, पुरवठा कमी पडला, कामात ढिलाई आली. त्यांत एक कारण आपल्या घरचेच होते. सणासुदीला बायका हौसेने भिंती सारवीत, पोतेरे फिरवीत, आणि सरकारने मारलेले औषध मातीच्या नव्या थराखाली गाडले जाई. लक्ष्मी घरात यायची ती स्वच्छ भिंत पाहून. तिच्या मागोमाग डासही येई.

आता आफ्रिकेकडे वळू. जगात हिवतापाने 2023 या एका वर्षात सुमारे 6 लाख माणसे दगावली, आणि त्यांतली शंभरातली पंच्याण्णव आफ्रिकेतली. तिथल्या मृतांत दर चारांमागे तीन पाच वर्षांखालची मुले. आफ्रिकेच्या दक्षिणेकडे झांबिया, झिंबाब्वे, बोत्स्वाना या देशांत भिंतींवर फवारणी करण्याची पद्धत आजही चालू आहे, आणि तिथे अडचण येते ती औषधाआधी एका आकड्याची.

समजा, एका भागात हजार घरे आहेत असे दप्तरी नोंदलेले आहे. फवारणीवाल्यांनी साडेआठशे घरे केली. शंभरात पंच्याऐंशी! अधिकारी खूश, अहवाल छान. पण त्या भागात खरोखरी घरे चौदाशे असली तर? मग साडेआठशे म्हणजे शंभरात एकसष्टसुद्धा नाहीत. डासाला अहवाल वाचता येत नाही. तो उरलेल्या साडेपाचशे घरांत सुखाने नांदतो, आणि पुढच्या पावसाळ्यात ताप पुन्हा हजर होतो. मग लोक म्हणतात, औषधात दम नाही. औषधात दम असतो हो. भागाकारातला खालचा आकडा चुकलेला असतो.

हा आकडा का चुकावा? तलाठ्याच्या दप्तराची सवय असलेल्या आपल्या माणसाला हे नवल वाटेल. पण झांबियाच्या ग्रामीण भागात आपल्यासारखे गावठाण सगळीकडे नसते. एकेका कुटुंबाची दोन-चार झोपड्यांची वस्ती, मग मैलभर झुडपे, मग दुसरी वस्ती. भिंत मातीची, छप्पर गवताचे. मुलगा लग्न झाले की थोड्या अंतरावर वेगळे घर बांधतो. कागदावरच्या नकाशात तिथे एक नदी, एक सडक आणि बाकी सारा कोरा कागद. फवारणीच्या तुकडीला त्या कोऱ्या कागदावर पाठवायचे म्हणजे अंधारात दगड मारण्यातला प्रकार.

हा कोरा कागद भरण्याचे काम घरबसल्या होऊ शकते, ही कल्पना आली ती दुसऱ्याच एका संकटातून. लंडनमध्ये 2004 साली स्टीव्ह कोस्ट या तरुणाने 'ओपनस्ट्रीटमॅप' नावाचा उद्योग सुरू केला होता. जगाचा एक नकाशा, जो कुणीही काढावा, कुणीही सुधारावा आणि कुणीही फुकट वापरावा. आरंभी त्यात रमणारी मंडळी म्हणजे सायकलवरून आपापल्या गल्ल्यांची नोंद करणारे हौशी लोक. पुढे 12 जानेवारी 2010 रोजी हैती देशात भूकंप झाला आणि पोर्त-ओ-प्रिन्स हे राजधानीचे शहर जमीनदोस्त झाले. मदतीला धावलेल्यांच्या हाती शहराचा धड नकाशा नव्हता. उपग्रहांतून काढलेली ताजी छायाचित्रे संबंधित कंपन्यांनी खुली केली, आणि हैतीचे तोंडही न पाहिलेल्या सुमारे सहाशे माणसांनी आपापल्या देशांत बसून ती छायाचित्रे पडद्यावर लावली नि त्यांवरून रस्ता अन् रस्ता गिरवून काढला. ज्या शहराचा नकाशा नव्हता त्याचा थोड्याच दिवसांत इतका तपशीलवार नकाशा तयार झाला की मदतपथके तोच आपल्या यंत्रांत भरून हिंडू लागली. त्याच वर्षी या कामासाठी 'ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम' ही संस्था रीतसर स्थापन झाली.

हैतीचे दैव एवढ्यावर थांबले नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात तिथे पटकी शिरली आणि पुढल्या काही वर्षांत नऊ हजारांहून अधिक बळी घेऊन गेली. पटकीचा रोगी दवाखान्यात आला की डॉक्टर त्याला वाचवतो. पण साथ थांबवायची तर तो कुठल्या वस्तीतून आला, कुठले पाणी प्याला, हे कळायला हवे. रोगी वस्तीचे नाव सांगतो, ते नोंदवहीत उतरतेही. पण ते नाव नकाशावर नसेल तर त्या नोंदवहीचा उपयोग काय? ही ठेच मनात ठेवूनच पुढे काम झाले.

पुढची परीक्षा गिनी देशात झाली. पश्चिम आफ्रिकेत गिनी, सिएरा लिओन आणि लायबेरिया या तीन देशांच्या सीमा जिथे मिळतात, तिथे गेकेदू नावाचे गाव आहे. त्याच्याजवळच्या मेलियांदू खेड्यात डिसेंबर 2013 मध्ये एक लहान मूल दगावले. तो इबोला होता, हे बाहेरच्या जगाला मार्च 2014 मध्ये कळले. इबोलाच्या रोग्याचा संसर्ग ज्याला ज्याला झाला असेल, त्या प्रत्येकावर एकवीस दिवस नजर ठेवावी लागते. म्हणजे रोज त्याच्या दारात जावे लागते. आणि गेकेदूचा नकाशा होता जेमतेम काही रस्त्यांचा! 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेच्या मंडळींनी हाक दिली, आणि पुन्हा तीच जादू झाली. काही दिवसांतच गेकेदू आणि आसपासच्या गावांतली हजारो घरे, बोळ, ओढे नकाशावर उमटले. दवाखान्याची माणसे तो नकाशा छापून घेऊन निघाली.

एवढे होऊनही त्या साथीत अकरा हजारांवर माणसे गेली, हे विसरून चालणार नाही. नकाशाने साथ थांबवली असे म्हणणे म्हणजे पंचांगाने पाऊस पाडला म्हणण्यासारखे आहे. पण त्या अनुभवातून एक शहाणपण आले: साथ आल्यावर नकाशा काढायला बसू नये, आधीच काढून ठेवावा. नोव्हेंबर 2014 मध्ये अमेरिकन आणि ब्रिटिश रेडक्रॉस, डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स आणि वर सांगितलेली नकाशेवाली संस्था यांनी मिळून 'मिसिंग मॅप्स' नावाची मोहीम काढली. हरवलेले नकाशे! खरे तर जे कधी नव्हतेच ते हरवतील कसे, पण नाव छान आहे. पाठोपाठ 2016-17 मध्ये हिवतापासाठी खास घरमोजणी हाती घेतली गेली, आणि तिच्यात झांबिया, झिंबाब्वे, बोत्स्वाना यांचे विस्तीर्ण प्रदेश पडद्यावर बसून पिंजून काढण्यात आले.

आता हे काम प्रत्यक्षात करतात कसे, ते सांगतो. प्रस्तुत लेखकाने असे काही चौकोन स्वतः पुरे केले आहेत, तेव्हा ही माहिती ऐकीव नव्हे.

सगळा प्रदेश छोट्या छोट्या चौकोनांत वाटलेला असतो. त्यांतला एक चौकोन तुम्ही मागून घ्यायचा. तो दोन तास तुमचा. तेवढ्या वेळात दुसरा कुणी त्यात हात घालीत नाही. पडद्यावर आकाशातून काढलेले छायाचित्र येते, आणि पहिली पाच मिनिटे काही म्हणजे काही कळत नाही. तांबूस जमीन, हिरवे-काळे ठिपके, पांढऱ्या रेघा. मग हळूहळू डोळा बसतो. चकाकणारा चौकोन म्हणजे पत्र्याचे छप्पर. करडा गोल म्हणजे गवती छपराची झोपडी. त्याच्याभोवती झाडून स्वच्छ केलेले उघडे अंगण. झोपडीपेक्षा मोठे, मधून पोकळ कडे दिसले तर ते काटेरी कुंपणाचे गुरांचे आवार. त्यात माणूस राहत नाही. झाड आणि झोपडी यांत तर हमखास फसायला होते. वारुळेही दगा देतात. अशा वेळी एका जाणत्याने सांगितलेली खूण लाखमोलाची आहे: पायवाट पाहा. पायवाट जिथे जाऊन थांबते तिथे माणूस राहतो. झाडापाशी कुणी रोज जाऊन थांबत नाही.

घर ओळखले की माऊसने त्याचे चार कोपरे टिपायचे आणि एक कळ दाबायची. वेडावाकडा चौकोन काटकोनात येतो. गोल झोपडीसाठी दुसरी कळ. उपग्रह नेहमी बरोबर डोक्यावर नसतो, तिरका पाहतो, त्यामुळे उंच घराचे छप्पर बाजूला सरकलेले दिसते. म्हणून रेघ पायाशी काढायची, छपराशी नाही. एका चौकोनाला कधी दहा मिनिटे लागतात, कधी दोन तासही पुरत नाहीत. आणि कित्येक चौकोनांत एकही घर नसते! नवख्याला वाटते, वेळ फुकट गेला. पण 'इथे कुणी नाही' ही नोंदसुद्धा फवारणीच्या तुकडीची दिवसभराची पायपीट वाचवते.

तुमचे काम झाले म्हणजे संपले असे नाही. दुसरा अनुभवी माणूस ते तपासतो. तो तुम्हाला ओळखत नाही, तुमच्या वयाची भीड धरत नाही. चुकले असेल तर नम्र शब्दांत पण स्पष्ट लिहून चौकोन परत करतो. या कामाची कुठे कुठे सामुदायिक बैठक भरते. शाळा-महाविद्यालयांत किंवा कचेरीत पन्नास माणसे जमून एका संध्याकाळी एकेक तालुका उरकतात. आपल्या पापड-कुरडयांच्या दिवसांसारखाच हा थाट. गप्पा चालू, हात चालू.

आता एक आडवा प्रश्न. ज्यांची घरे आपण अशी टिपून ठेवतो, त्यांना कुणी विचारले आहे का? हा प्रश्न पोकळ नाही. आफ्रिकेच्या नकाशावर युरोपने 1884-85 साली बर्लिनमध्ये बसून रेघा ओढल्या, त्यांचे व्रण अजून गेलेले नाहीत. आपल्याकडचीच गोष्ट घ्या. गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी 1835 च्या सुमारास इंदापूर तालुक्यात जमिनीची मोजणी आरंभली. तेव्हापासून मोजणीदाराची साखळी दिसली की आता सारा ठरणार, हे कुळाला न सांगता कळू लागले. परक्याने आपले घर कागदावर चढवले की गरीब माणूस बिचकतो, आणि त्याचे बिचकणे अनुभवाचे असते. गिनीत सप्टेंबर 2014 मध्ये वोमे या गावी इबोलाची माहिती सांगायला गेलेल्या पथकातल्या आठ जणांची गावकऱ्यांनी हत्या केली. तिथे जायला रस्ता नव्हता असे नाही. विश्वास नव्हता. विश्वास आकाशातून दिसत नाही.

म्हणूनच या नकाशाची एक मर्यादा मला फार बोलकी वाटते. दूर बसलेल्याने घर काढावे, वाट काढावी, ओढा काढावा; पण नाव लिहू नये. नाव त्याला ठाऊकच नसते. वस्तीला काय म्हणतात, दवाखाना कुठला नि शाळा कुठली, हातपंप चालू आहे की बंद, हे सारे तिथला माणूस पायी फिरून भरतो. तो नाव लिहीपर्यंत पुण्या-ठाण्याहून काढलेली पाच हजार घरे मुकीच असतात.

जवळच्या माणसावाचून नकाशा अपुरा राहतो, ही गोष्ट आजची नव्हे. लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात 1854 साली पटकी झाली, सहाशेवर माणसे मेली, आणि डॉक्टर जॉन स्नो यांनी मृत्यूंची ठिकाणे नकाशावर मांडून बोट ठेवले ते रस्त्यावरच्या एका पंपावर. त्या पंपाचा दांडा 8 सप्टेंबरला काढला गेला, ही हकीकत सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच वस्तीतल्या चर्चचा एक तरुण पाद्री होता, हेन्री व्हाइटहेड. त्याला स्नोचे म्हणणे पटले नव्हते. ते खोडून काढायलाच तो घरोघर फिरला. घरातली माणसे त्याला नावानिशी ओळखत, म्हणून जे परक्याला सांगितले नसते ते त्याला सांगत. फिरता फिरता त्याला 40 क्रमांकाच्या घरातले एक तान्हे मूल सापडले, साथीच्या अगदी आरंभी आजारी पडलेले. त्या मुलाची दुपटी धुतलेले पाणी पंपाच्या विहिरीलगतच्या खड्ड्यात ओतले जात होते. स्नोच्या सिद्धान्ताला सर्वांत भक्कम पुरावा मिळाला तो असा, त्याच्या विरोधकाच्या पायांनी.

अलीकडे या कामात यंत्रेही उतरली आहेत. गूगल कंपनीच्या घानातील आक्रा येथील संशोधकांनी 2021 साली आफ्रिकेतली 51 कोटींहून अधिक घरे केवळ यंत्रबुद्धीने ओळखून ती यादी खुली केली. मग माणसाने डोळे फोडून घ्यायचे कशाला? प्रश्न रास्त आहे. सपाट शहरी वस्तीत यंत्र झपाट्याने काम करते, यात शंका नाही. पण तांबड्या मातीवरची तांबड्या मातीची झोपडी, झाडाच्या सावलीत अर्धी बुडालेली, त्यालाही चकवते. शिवाय घर ओळखले तरी ते राहते घर की कणगी, हे ठरवायला पायवाट वाचावी लागते. तेव्हा सध्या यंत्र आधी काढते आणि माणूस तपासतो, असा सहकार पुष्कळ ठिकाणी चालतो. पुढे काय होईल ते होवो. मला स्वतःला या कामाची गोडी कमी होईल असे वाटत नाही, कारण एका चौकोनावर तासभर डोळे रोखून बसल्यावर ती वस्ती आपल्या ओळखीची होते, आणि पुन्हा बातमीत झांबिया हे नाव आले की मान आपोआप वळते.

ज्यांना हात घालून पाहायचा असेल त्यांना खर्च काही नाही. साधा संगणक, बऱ्यापैकी इंटरनेट आणि माऊस एवढे पुरे. मोबाइलवर हे काम नीट जमत नाही. इंग्रजी जुजबी असले तरी चालते. निवृत्त माणसांना हे विशेष मानवते, असे माझे निरीक्षण आहे. घाई नसते आणि चष्मा असतो.

झांबियात पावसाळा सुरू होतो तो नोव्हेंबरच्या सुमारास, आणि फवारणी त्याच्या आधी उरकावी लागते. म्हणजे आपल्या घरोघरी दिवाळीची आवराआवर चाललेली असते, जवळजवळ त्याच दिवसांत तिकडच्या तुकड्या पाठीवर पंप घेऊन निघतात. पुढाऱ्याच्या हातात आता पडद्याची पाटी असते. तिच्यावर घरांचे ठिपके असतात. एकेक घर झाले की त्याची नोंद होते, राहिले तर का राहिले तेही लिहिले जाते. घर बंद होते. मालकीणबाई नको म्हणाल्या. घर नव्हतेच, गोठा होता. तो गोठा मग नकाशात गोठा म्हणून दुरुस्त होतो, आणि तुकडी पायवाटेने पुढल्या ठिपक्याकडे वळते. तिथे कुणी दारात उभी असते. ती आतून मडकी, चटया, पोराचे अंथरूण एकेक करून अंगणात आणून ठेवू लागते.